गुड नाइट, भिवंडी!

गोडाऊनमधला चोर पकडायला निघालो होतो, तेही थेट शेरलॉक होम्सची ट्रिक वापरून. पण ती ट्रिक खुद्द होम्सवरच उलटली होती, हे मात्र साफ विसरलो होतो...

ऑफिसच्या रिसेप्शनवर रोज खोकी येऊन पडतात. आपण टेप टराटरा फाडतो, आतला कुरता नाहीतर हेडफोन बाहेर काढतो आणि खोकं भिरकावून देतो. एकदा ते लेबल नीट वाचून बघा. आपल्या नावाच्या आसपास, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडे... आणि शेवटी बऱ्याचदा एकच ओळ. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

म्हणजे बघा, आपलं अर्धं कपाट ज्या गावाहून येतं, त्या गावात आपण कधी पाऊलही टाकत नाही. नाशिकला जाताना बायपासवर अडकतो, यथेच्छ शिव्या घालतो, गाणी बदलतो आणि सुटलो एकदाचे म्हणत पुढे जातो. मीही त्यातलाच. गेल्या पावसाळ्यापर्यंत भिवंडी या विषयावरचं माझं ज्ञान एका शब्दात संपत होतं. ट्रॅफिक!

मग एके दिवशी बॉसने केबिनमध्ये बोलावलं.

मी इंटर्नल ऑडिटमध्ये. म्हणजे चारचौघांत सांगितलं की समोरचा लगेच विषय बदलतो, अशा नोकरीत. आमच्या एका क्लायंटचं भिवंडीत गोडाऊन आहे. कुरते, लेगिंग्ज, ओढण्या, सगळा ऑनलाइनचा माल. तिथे महिन्याला चाळीस-पन्नास कुरते गायब होत होते. कॉम्प्युटरवर दिसत होते, रॅकवर नव्हते. क्लायंटचा संशय पॅकिंगच्या मुलींवर.

"तीन दिवस जाऊन बस," बॉस म्हणाला. "कोण करतंय ते शोध. आणि ऑडिटर आहेस हे कुणाला सांगू नकोस. मॅनेजर सोडून कुणालाच नाही."

आता मला सांगा, ज्याने सातवीच्या मे महिन्याच्या सुट्टीत भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स आमरसाच्या डागांसकट वाचून संपवलाय, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? ऑडिट गेलं खड्ड्यात. ही तर केस होती, बॉस!

कशेळीच्या पुलावरचा होम्स

केस म्हटली की वेषांतर आलंच. जुना टी-शर्ट, रबरी चपला, पाठीला कॉलेजातली सॅक. ओळख काय, तर 'सिस्टीम शिकायला आलेला ट्रेनी'. मनगटावरचं घड्याळ काढायचं तेवढं राहिलं. (हे घड्याळ लक्षात ठेवा.)

तशी वेषांतराची परंपरा आपल्या मुंबईलाही नवी नाही. होम्स जन्माला यायच्या तीस वर्षं आधी, १८५७च्या धामधुमीत, चार्ल्स फोर्जेट नावाचा पोलीस अधिकारी देशी वेष करून मुंबईच्या गल्ल्यांतून फिरायचा आणि लोकांची कुजबुज ऐकायचा. ताडदेवच्या फोर्जेट स्ट्रीटवरून आपण जातो ना, तोच हा फोर्जेट. त्याने वेष पालटून, सगळा पहारा चुकवून थेट गव्हर्नरच्या बंगल्यात शिरून दाखवलं होतं, असं सांगतात. मला तर फक्त एका गोडाऊनमध्ये शिरायचं होतं.

ठाणे स्टेशनहून बस पकडली. बाळकुम मागे पडलं की कशेळीचा पूल लागतो. खाली खाडी, पावसाने गढूळ झालेली, कडेला खारफुटी. दोन मिनिटं खरंच वाटतं की आपण पिकनिकला निघालोय. पूल संपला की स्वप्नही संपतं. काल्हेर, कोपर, पूर्णा... रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊन, त्यांच्यामागे गोडाऊन आणि त्यांच्याहीमागे गोडाऊन. डोक्यावर मेट्रो ५चे खांब, खाली खड्डे आणि खड्ड्यांत आपल्यासारखेच अडकलेले कंटेनर. याच रस्त्याचं जुनं नाव आग्रा रोड, यावर विश्वास ठेवायला जरा वेळ लागतो.

एवढी गोडाऊन इथेच का? कारण साधं आहे. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात पडायची. भिवंडी हद्दीच्या बाहेर, पण हाकेच्या अंतरावर. नाशिक हायवे जवळ, न्हावाशेवाचं बंदर आवाक्यात आणि शेतजमिनी स्वस्त. व्यापाऱ्यांनी माल इथे उतरवायला सुरुवात केली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोडाऊन काही गेली नाहीत. उलट वाढलीच. तोवर आपल्याला मोबाइलवर बोट दाबून खरेदी करायची चटक लागली होती ना!

बावीस मुली आणि एक ताई

आमचं गोडाऊन म्हणजे पत्र्याचं उंचच उंच छप्पर, खाली गुळगुळीत फरशी आणि मध्ये लोखंडी रॅकच्या गल्ल्या. या गल्ल्यांना नावंही होती. ए-वन, ए-टू, बी-वन. एका टोकाला माल उतरवायचे दरवाजे. दुसऱ्या टोकाला पॅकिंगची टेबलं. टेबलांपाशी बावीस मुली, कुणी पद्मानगरची, कुणी नारपोलीची, कुणी काल्हेर गावातली. स्कॅनरची टिंग-टिंग, टेपची चर्रचर्र आणि त्या आवाजात चालणाऱ्या गप्पा, मराठीत, हिंदीत, तेलुगूत.

या सगळ्यांवर एक सुपरवायझर. चाळिशीच्या आसपासच्या. निळा एप्रन, कानामागे पेन, पायांत स्पोर्ट्स शूज. मुली त्यांना ताई म्हणायच्या, म्हणून मीही ताईच म्हणायला लागलो. त्या मला 'ए दादा' म्हणायच्या.

"ए दादा, ते खोकं जरा इकडे सरकव."

मी सरकवायचो. आपला अभिनय किती नॅचरल चाललाय, या विचाराने स्वतःवरच खूष व्हायचो.

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता मी एक गोष्ट बघितली. गेटपाशी टेबल टाकलेलं होतं. घरी जाणारी प्रत्येक मुलगी त्यावर आपली पिशवी उलटी करत होती. डबा, छत्री, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, आणखीही काही, जे चारचौघांत टेबलावर मांडायचं नसतं. सिक्युरिटीवाला काठीने एकेक वस्तू बाजूला सारून बघायचा. ताईंनीही आपली पिशवी उलटी केली, एक शब्द न बोलता. त्यानंतर मॅनेजर आपली लॅपटॉप बॅग खांद्याला लावून त्याच गेटमधून बाहेर पडला. त्याला कुणी हटकलं नाही. मलाही नाही.

मी हे बघितलं आणि डायरीत लिहिलं, 'बॅग चेकिंग कडक. ओके.' ओके! आज ते पान बघितलं की लाज वाटते.

आग! आग!

दोन दिवस गेले, हाती शून्य. कॅमेऱ्यांत काही नाही, डस्टबिनमध्ये काही नाही. मग दुसऱ्या रात्री घरी जाताना अंजूरफाट्याच्या जॅममध्ये मला होम्सची ती गोष्ट आठवली.

'अ स्कँडल इन बोहेमिया'. जुलै १८९१च्या 'स्ट्रँड' मासिकात आलेली, होम्सची पहिली लघुकथा. बोहेमियाचा राजा तोंडावर मुखवटा लावून होम्सकडे येतो. याचं लग्न ठरलंय एका राजकन्येशी. पण त्याआधी आयरीन ॲडलर नावाच्या ऑपेरा गायिकेबरोबर याचं प्रकरण झालेलं. दोघांचा एकत्र फोटो तिच्याकडे आहे आणि तो फोटो मुलीकडच्यांना पाठवीन, असं ती म्हणतेय. राजाने काय काय नाही केलं? दोनदा घरफोडी करवली, एकदा प्रवासात तिचं सामान पळवलं, दोनदा तिला वाटेत अडवून झडती घेतली. फोटो काही मिळेना.

होम्स काय करतो? पाद्र्याच्या वेषात तिच्या घरात शिरतो आणि वॉटसनकरवी खिडकीतून धुराचं नळकांडं आत टाकायला लावतो. बाहेर बोंबाबोंब, आग लागली म्हणून! होम्सचा फंडा असा, की आग लागली की बाई आधी तिच्या सगळ्यात मोलाच्या वस्तूकडे धावते. आयरीनही धावते, भिंतीतल्या चोरकप्प्याकडे. होम्सला जागा कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन फोटो उचलायचा, की खेळ खलास.

कसलं भारी! मी रातोरात मॅनेजरला फोन केला. उद्या दुपारी साडेतीनला फायर ड्रिल. कुणालाही आधी सांगायचं नाही.

तिसरा दिवस. साडेतीन वाजता सायरन कोकलला. मुली गोंधळल्या, पण रांगेने दरवाजाकडे निघाल्या. मी मात्र एका रॅकआडून फक्त ताईंकडे बघत होतो. त्या दरवाजाकडे गेल्या नाहीत. स्टूलवर चढल्या, पाण्याच्या कूलरच्या वरच्या फळीवर हात घातला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जाडजूड वही काढली, एप्रनखाली सरकवली आणि मग शांतपणे बाहेर पडल्या.

बिंगो! चोरीचा हिशेबच वहीत ठेवलाय बाईने. बॉसला मेसेज टाकला, 'केस सॉल्व्ह्ड. उद्या पुराव्यासकट.'

खटॅक-खटॅक

जिंकलेला माणूस सरळ घरी जात नाही. मीही गेलो नाही. म्हटलं, तीन दिवस भिवंडीत आहोत, भिवंडी तरी बघू. रिक्षा करून धामणकर नाक्याला उतरलो आणि पाऊस झेलत आतल्या गल्ल्यांत शिरलो.

भिवंडी आधी ऐकू येते, मग दिसते. खटॅक-खटॅक, खटॅक-खटॅक. गल्लीच्या दोन्ही बाजूंना बैठे गाळे आणि प्रत्येक गाळ्यात यंत्रमाग. हे शहर कापडावर उभं राहिलं. १८५७नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, त्यांच्या आधीपासून इथे असलेले कोकणी मुसलमान, आगरी, कोळी... ताणा कुणाचा, बाणा कुणाचा, पण कापड एकच. महापालिकेच्या नावात आजही भिवंडीबरोबर निजामपूर आहे. मधल्या काळात मंदीने बरेच माग भंगारात गेले, काही गाळ्यांत आता खोकी रचलेली दिसतात. पण जे चालू आहेत, त्यांचा आवाज छातीत शिरतो.

एका गाळ्याच्या दारात उभा राहिलो. आत एकच कारागीर सहा माग सांभाळत होता. पाठ एका मागाकडे, तोंड दुसऱ्याकडे. मी ओरडून विचारलं, एवढ्या सगळ्यांकडे लक्ष कसं ठेवता? तो हसला. "देखने से नहीं होता भाई. धागा टूटा तो आवाज बदलता है. सुनने का."

मी मान डोलावली, फोटो काढला आणि पुढे निघालो. तो काय सांगत होता, ते तेव्हा डोक्यात शिरलंच नाही.

नाक्यावर कटिंग मारत उभा होतो. पाऊस धो-धो. समोर रेनकोटांची मिरवणूक. तेवढ्यात सिग्नलला एक स्कूटर थांबली. स्कूटरवर कुणीतरी, ढगळा काळा पुरुषी रेनकोट, हेल्मेटची काच खाली. काच जराशी वर झाली.

"गुड नाइट, साहेब! उद्या जरा लवकर या."

सिग्नल सुटला, स्कूटर गेली. आवाज ओळखीचा वाटला. कुणाचा ते आठवेना. चहा संपला, बस आली, खिडकीची सीट मिळाली. पार कशेळीच्या पुलावर आल्यावर अचानक डोक्यात ट्यूब पेटली. साहेब? भिवंडीत मला साहेब कोण म्हणतं? मी तर 'ए दादा'!

झेरॉक्स

सकाळी साडेआठला गोडाऊनवर हजर. ताई नव्हत्या. मॅनेजर म्हणाला, "त्यांचा काल लास्ट डे होता. महिन्याभरापूर्वीच नोटीस दिली होती. पडघ्याच्या बाजूला दुसरं गोडाऊन मिळालंय. दोन मुलीही घेऊन गेल्या बरोबर." हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

पॅकिंग टेबलवर एक खोकं होतं, नीट टेप लावलेलं. लेबलवर माझं नाव. ट्रेनी म्हणून सांगितलेलं नव्हे, खरं.

आत झेरॉक्सचा गठ्ठा. अकरा महिन्यांची पानं. तारीख, ट्रकची वेळ, खोक्याचा नंबर, बिलावर किती नग, उघडल्यावर किती निघाले. ५०च्या जागी ४८. ५०च्या जागी ४७. पुन्हा ५०च्या जागी ४८. एकेक ओळ कानामागच्या त्या पेनने लिहिलेली. आणि वर एक चिठ्ठी.

"सर, नमस्कार. तुम्ही ट्रेनी नाही हे पहिल्या दिवशीच कळलं. नवीन मुलगा आला की आधी बाथरूम कुठे ते विचारतो. तुम्ही छताकडे बघून कॅमेरे मोजत होतात. काल सायरन वाजायच्या आधी तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत. ट्रेनीला साडेतीनची काय घाई? आग खोटी आहे हे तेव्हाच समजलं. आग लागली की हजेरीचं रजिस्टर घेऊन बाहेर जायचं आणि मुली मोजायच्या, ही माझी ड्युटी. रजिस्टर माझ्या दुसऱ्या हातात होतं, ते तुम्ही बघितलं नाही. वही मुद्दाम काढली. तुम्हाला दिसावी म्हणून.

माल इथे चोरीला जात नाही. येतो तोच कमी येतो. रात्री ट्रक लागतो, कुणी मोजत नाही, बिलावर आहे तेवढा कॉम्प्युटरवर चढवतात. मी दोनदा सांगितलं. उत्तर आलं, कोणावर डाऊट आहे त्या दोन मुलींची नावं द्या. नावं दिली नाहीत. आता दुसरीकडे लागले आहे. आम्ही सांगितलेलं वर पोचत नाही. तुम्ही लिहाल ते पोचेल, म्हणून हे देत आहे. मूळ वही माझ्याकडेच राहील. ती कोणाला दाखवायची इच्छा नाही. पण उद्या माझ्या मुलींवर नाव आलं तर असावी.

तुमचं नाव जेवणाच्या कुपनवर छापलेलं होतं. ते टाकताना फाडून टाकत जा."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग खाली बसलो.

त्यानंतर दोन रात्री मी माल उतरवण्याच्या दरवाजापाशी जागून काढल्या. कोणतंही वेषांतर न करता, गळ्यात आयकार्ड घालून. ट्रकमधून उतरलेली दहा खोकी समोर उघडायला लावली. तीन खोक्यांत माल कमी निघाला. दोन-दोन, तीन-तीन नग. टेप कंपनीचीच, शाबूत. चोर असलाच तर तो आमच्या छपराखाली नव्हता. आणि पिशव्या मात्र रोज बावीस मुलींच्या उलट्या होत होत्या.

रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. माल उतरताना मोजायचा, बिल बघून चढवायचा नाही. पॅकिंगवर ठपका नाही. गेटवरची झडती एकतर सगळ्यांची, मॅनेजरपासून ऑडिटरपर्यंत, नाहीतर कुणाचीच नाही. पुढच्या तिमाहीत गेलो तेव्हा ते टेबल तिथे नव्हतं. क्लायंट खूष होता. "मागा काय हवं ते," असं म्हणत त्याने गिफ्ट व्हाउचर पुढे केलं. मी म्हटलं, ते राहू द्या, त्या झेरॉक्समधलं एक पान ठेवून घेऊ का?

गोष्टीचा दुसरा भाग

घरी येऊन होम्सची ती गोष्ट पुन्हा काढली. आपण गोष्टी कशा सोयीने लक्षात ठेवतो बघा. आग आठवत होती, आगीनंतरचं काहीच आठवत नव्हतं.

होम्स आणि वॉटसन त्या रात्री बेकर स्ट्रीटवर परततात. दारात होम्स किल्ली शोधतोय, तेवढ्यात लांब कोट घातलेला एक सडपातळ तरुण त्याला नाव घेऊन गुड नाइट म्हणतो आणि निघून जातो. होम्सला आवाज ओळखीचा वाटतो, पण कुणाचा ते आठवत नाही. तो तरुण म्हणजे आयरीन! होम्स येऊ शकतो, याची तिला कित्येक महिने आधीच कुणीतरी सूचना दिलेली. आग खोटी होती हे कळल्यावर तिने पुरुषी कपडे चढवले आणि त्याचा पाठलाग करून खात्री करून घेतली. सकाळी होम्स राजाला घेऊन थाटात जातो, तर चोरकप्प्यात तिचं पत्र. ती पहाटेच्या गाडीने नवऱ्याबरोबर निघून गेलेली. राजाला ती त्रास देणार नाही. पण फोटो मात्र ठेवून घेणार. स्वतःच्या बचावासाठी.

मला सगळ्यात झोंबली ती याच गोष्टीतली एक बारीकशी जागा. होम्स सुरुवातीलाच वॉटसनला टोमणा मारतो, की तू बघतोस पण निरखत नाहीस. घराच्या जिन्याला १७ पायऱ्या आहेत, हे होम्सला पाठ. आणि त्याच घराच्या दारापर्यंत त्याच्या मागोमाग एक बाई चालत आली, हे त्याला कळलं नाही. बाईकडे आपण बघतोय, एवढंच त्याच्या डोक्यात. तीही आपल्याकडे बघत असेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी कॅमेरे मोजत होतो, ताई मला मोजत होत्या. आणि मला हरवणं हा काही त्यांचा उद्देश नव्हता. त्यांना आपल्या मुलींवर बट्टा नको होता, बस्स.

म्हणाल, गोष्टीतली बाई ती गोष्टीतली बाई. तर ही घ्या खरी. कॉनन डॉयलने ही गोष्ट घडवलीय मार्च १८८८मध्ये. नेमक्या त्या दिवसांत आपल्या मुंबईत एका मराठी बाईचा खटला गाजत होता. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ साली हायकोर्टात दावा लावला. १८८५मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर सणसणीत पत्रं छापून आली. खाली सही, 'अ हिंदू लेडी'. ही लेडी कोण? ती रखमाबाईच होती. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी १८८८च्या जुलैमध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला.

आणि कमाल पुढेच आहे. १८८९ साली रखमाबाई डॉक्टरी शिकायला लंडनला गेली. म्हणजे जुलै १८९१मध्ये 'स्ट्रँड'चा तो अंक लंडनच्या स्टेशनांवर विकला जात होता, तेव्हा ती त्याच शहरात शिकत होती! मला उगाच वाटतं, एखाद्या संध्याकाळी तिने तो अंक चाळला असेल. आणि राजाची फजिती वाचून गालातल्या गालात हसली असेल. १८९४मध्ये ती डॉक्टर झाली, परत आली आणि पुढे सुरतेला, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

होम्स नंतरच्या एका गोष्टीत कबूल करतो, की आपण चार वेळा हरलो, त्यातल्या एका वेळी बाईकडून. माझा स्कोअर सध्या एक. पण ते झेरॉक्सचं पान मी डेस्कवरच्या सॉफ्टबोर्डला लावलंय. नवीन साइटवर जायच्या आधी एकदा बघतो. आणि गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो, इथे मोजणी कोण करतं? मग त्यांच्यापाशी जाऊन बसतो.

परवा घरी एक पार्सल आलं. पडघ्याच्या पत्त्याचं. टेप इतकी नीट लावलेली, की फाडवेना. आतल्या चिठ्ठीवर 'पॅक्ड बाय'पुढे एक नंबर होता, नाव नव्हतंच. उगाच खोक्याकडे बघून म्हटलं, गुड नाइट, ताई!

भिवंडीला जायचंय?

कसं जाल: ठाणे स्टेशनहून बाळकुम-कशेळीमार्गे बस किंवा रिक्षा. लोकलने यायचं तर वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड स्टेशन. गाड्या कमी आहेत, वेळ बघूनच निघा.

काय बघाल: धामणकर नाका, पद्मानगर भागातले यंत्रमाग. आत जायच्या आधी परवानगी विचारा आणि फोटो काढायच्या आधी पुन्हा विचारा. तालुक्यातच लोनाडची बौद्ध लेणी आहेत. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई विजयाशी जोडलेलं वज्रेश्वरीचं मंदिर आणि अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं एका दिवसात आरामात होतात.

काय न्याल: छत्री, भरपूर पेशन्स आणि जॅममध्ये वाचायला होम्स. पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा!